दुपारी दोनची बेल

पुण्यात भाड्याने घर शोधताना माणसाची स्वतःबद्दलची माहिती पक्की होते. आपण किती वाजता घरी येतो, काय खातो, आपल्याकडे कोण येतं-जातं, आपले वडील काय करतात आणि तेच का करतात, हे सगळं दारोदार सांगून माझं पाठ झालं होतं. कर्वेनगरच्या त्या तळमजल्यावर मात्र वेगळाच पेपर निघाला. दार उघडणाऱ्या गृहस्थांनी आधी माझ्या चपलांकडे पाहिलं आणि विचारलं, "पोहता येतं?"

मी यवतमाळची. आमच्याकडे प्यायच्या पाण्याचे वांधे, पोहणार कशात? मी नाही म्हटलं.

"झोप जड आहे?"

"आई म्हणते, आहे."

"मग आतली खोली देता येणार नाही. दाराजवळची घ्या. हाक मारली की उठता आलं पाहिजे."

मुलाखत संपली. खोली मिळाली, आणि खोलीबरोबर एक शिट्टी मिळाली. ती गळ्यात घालून झोपायची होती. मी ती खुंटीला लावली, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी खुंटीच माझ्या उशाशी आणून ठोकली.

मी त्यांना काका म्हणायची. सोसायटी त्यांना 'आपत्ती' म्हणायची. म्हणजे तोंडावर नाही. पण ते फाटकातून आत शिरले की पार्किंगमध्ये उभे असलेले दोघे-तिघे एकमेकांना म्हणायचे, "चला वर, आपत्ती येतेय." काकांना हे माहीत होतं. ते म्हणायचे, "चेष्टेने का होईना, लोक वर जातात. तेवढाच सराव."

ते एका सरकारी कचेरीत आपत्ती व्यवस्थापनाच्या टेबलावर नोकरी करून निवृत्त झाले होते. दिल्लीहून राष्ट्रीय धोरण आलं की त्याचं सोप्या मराठीत सार काढून तालुक्यांना पाठवायचं, हे त्यांचं काम. हे काम बाकीच्यांनी टाळलं असतं, ह्यांनी ते अंगाला लावून घेतलं. इतरांना रामरक्षा येते तसं ह्यांना ते धोरण यायचं, आणि मुख्य म्हणजे त्यावर त्यांची श्रद्धा होती. चहा पिता पिता मला सांगायचे, "आधी आपण काय करायचो? पूर ओसरला की धान्य वाटायचं. मग धोरण आलं आणि म्हणालं, अरे, पूर यायच्या आधी काहीतरी करा. एवढी साधी गोष्ट कळायला देशाला कितीतरी वर्षं लागली. मग आपल्या सोसायटीला किती लागतील, ह्याचा विचार कर."

सोसायटी विचार करणारी नव्हती. चार मजली, लिफ्ट नसलेली, नदीच्या अंगाला पाठ करून उभी असलेली जुनी इमारत. मीटिंगमध्ये काकांनी पुराचा विषय काढला की कुणीतरी हमखास म्हणायचं, "काही होत नाही हो." त्यावर काका चष्मा काढून पुसायचे आणि म्हणायचे, "'काही होत नाही' हेच आपलं खरं राष्ट्रीय धोरण. बाकीचं नुसतं छापलेलं."

त्यांच्याबरोबर कुठे जाणं म्हणजे शिक्षा होती. एकदा मैत्रिणीच्या लग्नाला मी त्यांना घेऊन गेले. पोचल्या पोचल्या ते हॉलच्या मागच्या दाराकडे गेले. त्या दाराला खुर्च्या लावलेल्या होत्या. काकांनी आधी त्या खुर्च्या हलवल्या, मग आग विझवायचा सिलिंडर कुठे आहे ते आचाऱ्याला विचारलं. आचाऱ्याला वाटलं, हे वरपक्षाचे. तो बिचारा धावपळ करून गॅसचा भरलेला सिलिंडर घेऊन आला. अक्षता पडल्या तेव्हा काका जिन्यात उभे होते. जेवताना मात्र मनापासून जेवले. मठ्ठा दोनदा मागून घेतला आणि म्हणाले, "हॉल चांगला आहे. पळता येण्यासारखा आहे."

एके दिवशी सकाळी सरकारने देशभर लोकांच्या मोबाइलवर इशाऱ्याचा नमुना संदेश पाठवला. सगळ्यांचे फोन एकाच वेळी कर्कश वाजायला लागले. माझ्या ऑफिसच्या कॉलवरची मंडळी दचकली, शेजारचं बाळ रडायला लागलं. मी बाहेर आले तर काका हॉलमध्ये ताठ उभे होते. फोन दोन्ही हातांत धरलेला, डोळ्यांत पाणी.

"काका, काय झालं?"

"आला," ते म्हणाले. "प्रत्येकाच्या खिशात आला. आम्ही दवंडीवाल्याचा भत्ता मंजूर करून घेण्यासाठी भांडायचो, पोरी."

त्या दिवशी त्यांनी शिरा केला. आणि बरा केला.

पण काकांची खरी करामत म्हणजे जोडघर. ही कल्पना त्यांना दिल्लीने दिलेली नव्हती. नोकरीत असताना ते एकदा नदीकाठच्या एका गावात बोटीने गेले होते. गाव बरंचसं रिकामं झालेलं. एका घरात म्हातारा-म्हातारी कमरेएवढ्या पाण्यात कणगीवर चढून बसलेले. भिंतीला भिंत लागून शेजाऱ्याचं माडीचं घर. माडीवर दिवा, माणसं, चुलीचा धूरसुद्धा. काकांनी विचारलं, बाबा, शेजारी का नाही गेलात? म्हातारा म्हणाला, "बांधावरनं बोलणं बंद हाय सायेब. त्यांनी बोलावलं न्हाई. आसं कसं जायाचं?"

दोघं सुखरूप बाहेर निघाली. पण काकांच्या डोक्यात ते वाक्य रुतून बसलं. ते म्हणायचे, "धोरणात लिहिलंय, संकटात सगळ्यांत आधी धावून येतो तो शेजारी. सरकारची बोट मागून येते. बरोबर आहे. पण त्या शेजाऱ्याच्या दाराशी आधी जावं लागतं, ते कुणी लिहिलं नाही. लिहिणाऱ्यांना पुणं माहीत नसावं."

म्हणून जोडघर. तळमजल्यावरच्या प्रत्येक घराला वरच्या मजल्यावरचं एक घर नेमून दिलं. महिन्यातून एका शनिवारी, फोन न करता, तळमजल्याने आपल्या जोडघरी जाऊन बेल वाजवायची, बसायचं, चहा घ्यायचा आणि परत यायचं. वरच्यांसाठी नियम एकच. दार उघडल्यावर 'काय काम आहे?' असं विचारायचं नाही. आणि ह्या सगळ्याची वेळ काकांनी ठरवली होती दुपारी दोनची.

सोसायटी खवळली. पूर येईल, भूकंप येईल, ते बघून घेता येईल. पण दुपारी दोनला बेल? मीटिंगमध्ये एक गृहस्थ थरथरत उभे राहिले आणि म्हणाले, "अहो, माझ्या सख्ख्या मेव्हण्याने आजवर ही हिंमत केलेली नाही."

काका शांतपणे म्हणाले, "म्हणूनच. दुपारी दोनला ज्याची बेल वाजवायला तुम्ही कचरत नाही, त्याच्याकडे तुम्ही पुरातही जाल. आणि नदी काही वामकुक्षी घेत नाही."

पहिल्या शनिवारी काय काय झालं ते सांगायलाच हवं. एका घराने दार उघडलंच नाही. एका घराने साखळी लावून फटीतून चहाचा कप बाहेर दिला. आमचा वॉचमन वाशीमकडचा, पार्किंगमधल्या खोलीत बायकोमुलांसह राहायचा. त्याची बायको मला म्हणाली, "मी नाही जात बाप्पा! दुपारच्या वक्ती लोकायच्या घरी कोन जाते? आपल्याले काही रीतभात हाय की नाही?" तिचं जोडघर तिसऱ्या मजल्यावर होतं. कॅम्पात पिढीजात बेकरी असलेलं मुस्लिम कुटुंब, त्यांचं मराठी माझ्याहून कितीतरी शुद्ध. ती अखेर पदर आवळून गेली, आणि संध्याकाळपर्यंत आलीच नाही. वर त्या घरातल्या भाभींनी नानकटाई काढली होती आणि दोघींना एकच टीव्ही मालिका आवडत असल्याचा शोध लागला होता. काका खुश होऊन म्हणाले, "हे घर तरलं."

आमच्या स्वतःच्या घराचं जोडघर होतं बरोबर वरचं, पहिल्या मजल्यावरचं. तिथे गणिताच्या निवृत्त शिक्षिका राहायच्या. सगळी सोसायटी त्यांना नुसतं 'बाई' म्हणायची. एकट्याच राहत. बोलणं असं की माणसाने उत्तर शोधेपर्यंत दार लागलेलं असायचं.

बाई आणि काका एकमेकांशी बोलत नसत. कारण मोगरा. बाईंच्या कुंड्या जिन्याच्या वळणावर असायच्या. काकांच्या मते जिना हा सुटकेचा मार्ग, तिथे फूलसुद्धा नको. बाई भाचीकडे गेल्या असताना, ऐन वैशाखात, काकांनी कुंड्या उचलून गच्चीवर नेऊन ठेवल्या. पाणी घालायचं मात्र राहून गेलं. बाई परतल्या तेव्हा मोगऱ्याच्या काड्या उरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर बाईंच्या सुरेख अक्षरात मजकूर लागला: 'जिन्यातील मोगरा कोणत्याही आपत्तीविना वाळला. व्यवस्थापनाचे आभार.' त्या दिवसापासून काकांनी पहिल्या मजल्यावरून जाताना मान वर केली नाही. गच्चीवर टाकी बघायला गेले तरी भिंतीच्या कडेने जायचे.

तरी जोडघराच्या यादीत स्वतःच्या घरासमोर त्यांनी बाईंचंच घर लिहिलं, कारण ते सरळ वर होतं आणि धोरणात वशिला चालत नाही. मग युक्ती काढली. घरातल्या एकाने गेलं की घर गेल्यासारखं, म्हणून दर महिन्याला मला पाठवायचे. मी वर जायची, बाई दार उघडायच्या, "या, प्रतिनिधी," म्हणायच्या. चहा आलं घातलेला असायचा. खाली आले की काका वर्तमानपत्रामागून विचारायचे, "काय म्हणाल्या?"

"काही नाही. तुम्ही का येत नाही, विचारत होत्या."

हे मी प्रत्येक वेळी सांगायची. बाईंनी असं कधीही विचारलं नव्हतं. काका दर वेळी म्हणायचे, "मी कसा येणार? त्या म्हणाल्यात का, या म्हणून?"

कणगीवरच्या म्हाताऱ्याची गोष्ट इतरांना इतक्या तळमळीने सांगणारा हा माणूस, आणि त्याच्या लक्षात येऊ नये? मला खरंच राग यायचा. पण घरमालक होते. मी गप्प बसायची.

मग श्रावणातला तो दिवस आला. धरणक्षेत्रात आठवडाभर झड लागलेली होती. सकाळी फोनवर इशारा आला, विसर्ग वाढवला आहे, नदीकाठच्यांनी सावध राहावं. पोलिसांची गाडी भोंग्यावरून तेच सांगत गेली. मी घरूनच काम करत होते. काकांनी अंगणात तीन चकरा मारल्या, मागच्या नाल्याकडे बघितलं आणि येऊन माझा लॅपटॉप सरळ मिटला. "बॉसला सांग, वर चाललीये."

जेवणं उरकेपर्यंत पार्किंगमधल्या गटाराच्या झाकणातून पाणी बुडबुड करत वर यायला लागलं. नदी पुढून येईल म्हणून सगळे फाटकाकडे बघत होते, ती मागून, गटारातून आली. काकांनी मेन स्विच पाडला आणि शिट्टी फुंकली. घड्याळात पाहिलं तर दुपारचे दोनच वाजत होते. ह्याला मी तरी योगायोग म्हणणार नाही, काकांचा नदीवर वचक होता.

आणि मग मी ते पाहिलं. तळमजल्यावरची सगळी दारं उघडली. कुणी आरडाओरडा केला नाही, कुणी 'कुठे जायचं' विचारलं नाही. वॉचमनची बायको धाकट्याला कडेवर घेऊन मला ओलांडून वर गेली, कारण तिला भाभींकडे जायचं होतं, विचारायचं काय त्यात? दुसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा झोपेतून उठून दार उघडत म्हणाले, "आज शनिवार नाही!" खालून गेलेल्या बिऱ्हाडाने सांगितलं, "आज खरं आहे." आजोबा म्हणाले, "बरं. चहा तोच मिळेल." आणि दार पूर्ण उघडलं. मला रडू आलं. मी डोळे पुसत पुसत बाईंकडे गेले.

बाईंनी माझ्या हातातली बॅग घेतली, मागे पाहिलं. "आणि ते?"

"ते खाली आहेत. म्हणाले, प्रतिनिधी गेला की घर गेलं."

मी पुन्हा खाली गेले. पाणी पायऱ्या चढून आमच्या उंबऱ्याच्या आत आलं होतं. काका हॉलमध्ये खुर्चीवर खुर्ची ठेवून, वरच्या खुर्चीत बसले होते. गळ्यात शिट्टी, मांडीवर ट्रान्झिस्टर.

"काका, चला."

"हा नियंत्रण कक्ष आहे. मी जागा सोडू शकत नाही."

"सगळे वर गेलेत! नियंत्रण कुणाचं करताय?"

"तू जा."

त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. पाणी गढूळ होतं, भराभर चढत होतं आणि मला खरोखर भीती वाटली. सत्तरीचा माणूस, दोन खुर्च्यांचा मनोरा, आणि मला पोहता येत नव्हतं. मी त्यांचा हात धरून ओढला तर खुर्ची हलली. मी जिन्यात येऊन ओरडले, "बाई, ते ऐकत नाहीयेत!"

बाईंचे गुडघे गेलेले. त्या फारशा खाली उतरत नसत. त्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरत वळणापर्यंत आल्या, जिथे त्यांच्या कुंड्या असायच्या. तिथून आमचं उघडं दार आणि खुर्चीवरचे काका दिसत होते.

"अहो," बाई म्हणाल्या. "वर या."

काका पाण्याकडे बघत राहिले. "सगळे वर गेल्याशिवाय मला..."

"सगळे गेले. तुम्ही सगळ्यांत मोडत नाही का?"

काकांनी मांडीवरचा ट्रान्झिस्टर बंद केला. मग लहान मुलासारखे म्हणाले, "बाई, तो मोगरा. मी पाणी घालायला विसरलो. मला सांगायला यायचं होतं, पण..."

"मोगऱ्याचं मी तुम्हाला माफ केलेलं नाही," बाई म्हणाल्या. "करायचा विचारही नाही. पण माफी मिळाल्यावरच वर यायचं, असं तुमच्या त्या दिल्लीच्या धोरणात लिहिलंय का?"

काकांनी मान वर केली. किती वर्षांनी कोण जाणे, पण त्यांनी पहिल्या मजल्याकडे मान वर करून पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "तसं नाही लिहिलेलं."

"मग?"

ते उतरले. पाणी मांडीपर्यंत आलं होतं. मी एका हाताला, कठडा दुसऱ्या हाताला, असे ते वर आले आणि बाईंच्या दारात थबकले. अंगावरून चिखल गळत होता आणि आत बाईंची आरशासारखी फरशी. बाईंनी त्यांना दंडाला धरून आत घेतलं आणि दार लावलं. चहाचा कप काकांनी दोन्ही हातांनी धरला.

"भीती वाटत होती हो," ते म्हणाले.

"वाटणारच," बाई म्हणाल्या. "साखर बरोबर आहे?"

पाणी दुसऱ्या दिवशी ओसरलं. घरात चिखल, सोफा फुगलेला, पण अख्ख्या इमारतीत कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. घर वाळेपर्यंत काका तिसऱ्या मजल्यावर भाभींच्या घरी झोपले आणि बाईंकडे जेवले. बाईंच्या आमटीत मीठ कमी असतं, हे ते मला कुजबुजत सांगायचे आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे. पुढच्या महिन्यातल्या शनिवारी दुपारी मी चपला घालायला लागले तर काका इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे.

"आज प्रतिनिधी नको," म्हणाले. जिना चढताना मध्येच थांबले, केसांवरून हात फिरवला, आणि गेले.

आता मी लग्न होऊन वाघोलीला राहते. कर्वेनगर इथून परदेशाइतकं लांब. काकांनी तळमजला सोडलेला नाही. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की मी हातातलं काम टाकून त्यांना फोन करते. ते 'हॅलो' म्हणत नाहीत. फोन उचलून एवढंच सांगतात, "वर आहे." की माझ्या जीवात जीव येतो.

परवा सहज आठवण आली म्हणून फोन केला. जेवणं झाली होती, दुपारची वेळ होती, खिडकीबाहेर मार्गशीर्षाचं स्वच्छ ऊन पडलं होतं.

"वर आहे," काका म्हणाले.

"अहो काका, पाऊस नाहीये, पाणी नाहीये, वर कशाला?"

"हो ना," ते म्हणाले. "काहीच नाहीये."